जर्मन येणारा एकच माणूस

रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी रंगनाथरावांच्या मोबाइलवरून फोन आला. त्या वेळेला ते परतीच्या बसमध्ये असायचे, सिल्लोडच्या आसपास. म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "हां, बोला रंगनाथराव, कुठवर आलात?" पलीकडून आवाज आला तो कौसल्यावहिनींचा, त्यांच्या पत्नीचा. "भाऊजी, उद्या हे ड्यूटीवर यायचे नाहीत." मी विचारलं, "का? तब्येत बरी नाही का? किती दिवस?"

किती दिवस... हा प्रश्न माझ्या तोंडून गेला तो गेलाच. वहिनी म्हणाल्या, "आता नाहीतच यायचे." सोयगावच्या एसटी स्टँडवर तीन चाळीसच्या गाडीची वाट बघत ते बाकावर बसले होते. गाडी लागली, लोक चढले, हे उठेनात, म्हणून शेजारच्या माणसाने हलवून पाहिलं. गाडी मात्र वेळेवर सुटली. वय छप्पन्न वर्षं दहा महिने. निवृत्तीला एक वर्ष दोन महिने बाकी होते. हा हिशोब मला नंतर करावा लागला नाही, तो माझ्या डोक्यात तयारच होता, कारण ते दर महिन्याला माझ्याकडून तो विचारून घेत.

आमची ओळख वाळूजच्या एका कारखान्यातली. मी नियोजन विभागात आहे. कोणतं यंत्र किती तास चाललं, किती तास बंद राहिलं, का राहिलं, याची नोंद ठेवणं आणि त्यावरून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधणं हे माझं काम. रंगनाथराव देखभालीत फिटर होते. तेवीस वर्षांपूर्वी कारखान्यात पत्रा दाबून भाग काढणारा एक अजस्र जर्मन प्रेस आला. तो नवा नव्हता. तिकडचा एक कारखाना बंद पडला, तिथून सुटा करून, पेट्यांत भरून आणलेला. बरोबर माहितीची चौदा जाड पुस्तकं आली. सगळी जर्मन. बनवणारी कंपनीही बंद झालेली, त्यामुळे इंग्रजी पुस्तकं मागायची तरी कुणाकडे? पहिल्याच वर्षी प्रेस बिघडला आणि त्रेचाळीस दिवस बंद राहिला. बिघाड लहान होता, असं पुढे कळलं. पण कुठं काय लिहिलंय हे कुणाला वाचता येत नव्हतं. ती त्रेचाळीस दिवसांची नोंद माझ्या हातची आहे. पुढे तिचं काय झालं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

त्यानंतर आमच्या जुन्या मालकांनी ठरवलं की, आपल्यातलाच एक माणूस पुण्याला पाठवून जर्मन शिकवून आणायचा. इंजिनिअर पाठवला तर तो शिकून दुसरीकडे जाईल, म्हणून फिटर. रंगनाथराव आयटीआय झालेले, हाताने हुशार, आणि शाळेत संस्कृतला बरे गुण पडलेले. एवढ्यावर निवड झाली. मालकांनी त्यांना घरी बोलावलं, शेजारी बसवून जेवू घातलं आणि म्हणाले, "कागद काही करायचा नाही. फक्त शब्द दे. दुसरा माणूस तयार होईपर्यंत प्रेस सोडून जायचं नाही." रंगनाथराव म्हणाले, "व्हय." हा प्रसंग त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की, त्या जेवणात अळूची भाजी होती हेसुद्धा मला पाठ आहे. कागद केला असता तर त्याला मुदत असती. ती कधीतरी संपली असती. हे मात्र आम्हा दोघांच्याही फार उशिरा लक्षात आलं.

अकरा महिन्यांनी ते परत आले आणि प्रेस चालू लागला. नुसता चालू नाही, त्याचं बंद राहणं तासांवर आलं. प्रेस बसवलेल्या मूळ कारखान्यातले एक निवृत्त इंजिनिअर तिकडे एका लहान गावात राहत होते. इंग्रजीचा एक शब्द येत नसलेले. त्यांचा पत्ता काढून रंगनाथराव दुपारी दीड वाजता, म्हणजे त्यांच्या न्याहारीच्या वेळेला, त्यांना फोन लावत. त्यांना ते 'तिकडचे आबा' म्हणत. मी समोर बसून ऐकत असे. कळत काही नसे, पण आधी पाचेक मिनिटं दोघंही हवापाण्याचं आणि गुडघ्यांचं बोलतायत एवढं कळायचं. मग प्रेस. एकदा मी विचारलं, इतका वेळ काय बोलता? तर म्हणाले, "म्हाताऱ्याची लेक दुसऱ्या गावात ऱ्हाती, साहेब. त्याला बोलायला कुणी नाय. आधी त्याचं ऐकायचं, मंग आपलं. पुस्तकात नसलेलं सांगतो मंग." पुस्तकात नसलेलं एवढं त्यांनी त्या फोनवरून मिळवलं की, ते तिकडचे आबा वारले तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत.

भाषेबद्दल त्यांच्या घरात एक जुनी गोष्ट होती. त्यांचे स्वतःचे वडील, सोयगावचे खरे आबा, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. अक्षर मोत्यासारखं. कचेरीत लागणार हे नक्की होतं. तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं आणि हळूहळू कचेरीतलं उर्दूही गेलं. आबा नांगराला लागले. पण जमिनीचे जुने कागद उर्दूतच होते. भावाभावांत वाद निघाला की, लोक कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर येत. चाळीस वर्षं ते वाचून दाखवत राहिले. रंगनाथराव पुण्याला निघाले तेव्हा आबांनी सांगितलं होतं, "जबान शिक बाबा, पण पंचक्रोशीत एकटाच जाणकार ऱ्हाऊ नको. लोकं सोडत नाहीत मंग." रंगनाथराव हे हसत सांगायचे. सुरुवातीची काही वर्षं तरी.

आबांचं ऐकूनच असेल, पण परत आल्यावर वर्षभरात त्यांनी शिकवणी सुरू केली. शहागंजमध्ये एका चष्म्याच्या दुकानावर त्यांची भाड्याची खोली होती. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा ते साडेसात. कारखान्यातल्या कामगारांची मुलं, मग त्यांच्या ओळखीची, मग कुणीही. नवा पालक आला की, विचारायचा, जर्मन शिकून फायदा काय? त्यावर त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. ते म्हणत, "हे बघा, इंग्रजी समद्यांनाच येती. तिथं रांग लई लांब. जर्मनच्या रांगेत तुमची पोरगी एकटी उभी असंल." मग नोकऱ्यांचं सांगत. वाळूज आणि शेंद्र्याला किती यंत्रं तिकडची आहेत, दवाखान्यांना तिकडे किती परिचारिका लागतात, तिकडे कॉलेजात शिकवतात कसं. "आन आपल्या पोरांना ती सोपी जाती. शब्दांत नर, नारी आन तिसरं, ही भानगड आपल्यात जन्मापासून हाय. इंग्रजाला तिथं घाम फुटतो." पालक हसले की, शेवटचा फायदा सांगत. तो मला सगळ्यात खरा वाटायचा. "त्यांच्या लांब वाक्यात कळीचा शब्द पार शेवटाला येतो. त्यामुळं समोरचा बोलायचा थांबंस्तोवर मधी बोलता येत नाय. पोरगं ऐकून घ्यायला शिकतं. घरात बघा फरक पडतो का नाय." मुलं जर्मन किती शिकली ते परीक्षेत कळायचं. पण त्या खोलीत कुणी कुणाला मध्ये तोडताना मी पाहिलं नाही.

शिकवण्याची त्यांची रीत फिटरची होती. पहिल्या दिवशी पुस्तक नाही. टेबलावर कुलूप, किल्ली, पाना, सायकलची घंटी, गॅसचा रेग्युलेटर अशा वस्तू मांडलेल्या. मुलाने वस्तू हातात घ्यायची, सुटी करायची, जोडायची आणि जे करतोय ते जर्मनमध्ये बोलायचं. हात चालला नाही तर शब्द चालत नाही, असं त्यांचं मत. एखादी मुलगी लाजून पुटपुटली की, म्हणत, "मोठ्यानं बोल गं, रेग्युलेटर काय हसत नाय तुला."

मी मोजदाद ठेवली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, सवयच तशी. एकूण एक्केचाळीस मुलं. सव्वीस आज जर्मनीत आहेत, नऊ पुण्या-बंगळुरात तिथल्या कंपन्यांत, सहा जणांनी मधेच सोडलं. बेरीज बरोबर येते. या एक्केचाळिसांत वाळूजला, आमच्या प्रेसवर, टिकलेलं एकही नाही. आणि दुसरा माणूस तयार झाल्याशिवाय रंगनाथरावांना जाता येत नव्हतं. दुसरा माणूस म्हणजे जर्मन येणारा. जर्मन आलेला माणूस वाळूजच्या फिटरच्या नोकरीसाठी थांबणार कशाला? जो फायदा ते पालकांना सांगत, तोच त्यांच्या दाराला कडी घालत होता. त्यांचे घरमालक चष्मेवाले चाचा जिन्यात भेटले की, चिडवायचे, "क्या मास्टर, तुम्हारे सारे परिंदे उड़ गए, तुम अब्बी तक इधरीच बैठे?" रंगनाथराव म्हणत, "हौ चाचा, पिंजरा कौन संभालेगा?" आणि दोघंही हसत. मीही हसत असे.

त्यांना जायचं कुठं होतं? परदेशी नव्हे. तिकडे जायची संधी एकदा आली होती, ती त्यांनी मनावर घेतली नाही. त्यांना जायचं होतं सोयगावला. वहिनी तिथल्या अंगणवाडीत सेविका. ती जागा त्या गावाची, बदली होत नाही. वडील म्हातारे, थोडी कोरडवाहू जमीन. मूलबाळ नव्हतं. शनिवारी साडेतीनला शिफ्ट सुटली की, ते कंपनीच्या बसमधून क्रांती चौकात उतरत, तिथून स्टँड, आणि रात्री आठच्या सुमारास घरी. रविवारी तीन चाळीसची परतीची गाडी. म्हणजे आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांपैकी एकोणीस तास चाळीस मिनिटं घर. बावीस वर्षं. बसच्या पाटीवर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, भाडं बदललं, रस्ता दोनदा उखडला. गाडी तीच राहिली.

नऊ वर्षांपूर्वी आबा ओसरीवर पडले, मांडीचं हाड मोडलं. वहिनींना अंगणवाडी, शेत आणि आबा हे तिन्ही होईना. त्या एप्रिलमध्ये रंगनाथरावांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. जुने मालक तोवर वारले होते. त्यांच्या मुलाने अर्ज अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवला. मी नोंदी काढल्या आणि लिहिलं, "सदर कर्मचारी नसल्यास प्रेस किमान सहा आठवडे बंद राहील." त्रेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे एक दिवस. एक दिवस मी कमीच धरला होता. अर्ज नामंजूर. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा तोच अभिप्राय. असे नऊ एप्रिल. तिसऱ्या की चौथ्या वर्षी शिपाई रजेवर होता म्हणून तो कागद नेमका रंगनाथरावांच्याच हाती वर गेला. त्यांनी जिन्यात वाचला. परत येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मी मान वर केली नाही. तर म्हणाले, "काय आकडेसाहेब, सहाच आठवडे? मला वाटलं माझी पत जरा जास्त असंल." मी म्हणालो, "रंगनाथराव, नोंद आहे ती लिहिली. मी खोटं कसं लिहू?" ते एकदम गंभीर झाले. "न्हाई न्हाई, खोटं लिहू नका. तुमचा आकडा हाय म्हंजी बराबरच असंल."

त्यांचा माझ्या आकड्यावर हा असा विश्वास होता. आबा त्यानंतर लवकरच गेले. बुधवारी. रंगनाथराव प्रेसखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरलेले होते, फोन वर कपाटात. दोन तासांनी त्यांना कळलं. परत आल्यावर त्यांनी कुणाला दोष दिला नाही. मला एवढंच विचारलं, "बुधवारच्या ऐवजी रविवार असता तर... असं म्हणायचं नसतं ना?" मी म्हणालो, नसतं.

आता माझ्या मुलीचं सांगायला हवं. हे टाळता आलं असतं, पण मग बाकीचंही लिहू नये. अश्विनी पदविका होऊन घरी बसली होती. मीच तिला शहागंजच्या खोलीत नेऊन बसवलं. सदतिसावी. तिचा हात चांगला होता, जिभेलाही वळण लवकर आलं. दोन वर्षांनी रंगनाथराव मला कॅन्टीनमध्ये म्हणाले, "साहेब, पोरगीला प्रेसवर घ्या. मला दुसरा माणूस सापडला." त्यांचा चेहरा त्या दिवशी कसा होता ते मला लिहिता येत नाही. ती शिकाऊ म्हणून लागली. दीड वर्ष त्यांच्याबरोबर त्या खड्ड्यात उतरली, चौदापैकी अकरा पुस्तकं तिने त्यांच्यासमोर वाचून काढली. येत्या एप्रिलचा अभिप्राय मी मनात लिहूनही ठेवला होता. "पर्यायी कर्मचारी उपलब्ध." रंगनाथरावांनी सोयगावच्या घराला लागून एक खोली बांधायला काढली.

फेब्रुवारीत तिला जर्मनीतल्या एका शिक्षणसंस्थेचं पत्र आलं. मला न सांगता तिने अर्ज केला होता. घरात आनंद झाला, पेढे आले. मी एक पेढा खाल्ला. रात्रीच्या जेवणाला अश्विनी म्हणाली, "बाबा, सरांना कोण सांगणार?" मी म्हणालो, "तूच सांग." बापाने जे करायला हवं होतं ते मी तेवीस वर्षांच्या मुलीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ती शहागंजला गेली, मी तिच्याबरोबर जिन्यापर्यंत गेलो आणि मग वरही गेलो. ती म्हणाली, "सर, मी नाही जात. एक वर्ष थांबते. तुम्ही सुटा, मग बघू." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुला मी प्रेस राखायला शिकवलं का गं? आं? पालकांना काय सांगतो मी? तुझ्या बापापुढंच सांगितलं होतं ना, रांगेत एकटी उभी असशील म्हणून? मंग हो की उभी." ती रडायला लागली. ते म्हणाले, "रडतीस काय, तिकडं थंडीत डोळ्यातलं पाणी गोठतं म्हणं. इथंच रडून घे." ती खाली गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती राहिली माझी, आकडेसाहेब?" मी म्हणालो, "चार वर्षं सात महिने." ते खिडकीतून खाली बाजाराकडे बघत राहिले... मग म्हणाले, "चालतंय. लई गेली, थोडी ऱ्हायली."

त्या एप्रिलमध्ये मी जुनाच अभिप्राय लिहिला. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो. मुलगी सोडून गेली म्हणून मालक मला काही बोलले नाहीत, प्रेस चालू राहणार होता, माझ्या महिन्याच्या अंदाजाला धक्का नव्हता. सगळं जागच्या जागी. एक माणूस सोडून.

त्यानंतर रंगनाथरावांनी दुसरा माणूस शोधणं बंद केलं आणि ते वह्या लिहायला लागले. लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या. एका जर्मन पुस्तकाला एक किंवा दोन वह्या. थोडं काम त्यांनी आधीच केलेलं होतं, पण आता रोज, जेवणाच्या सुट्टीत, पानामागून पान ते पुस्तकं मराठीत उतरवत. ते मराठी कारखान्याचं मराठी होतं. मी एक वही चाळली होती. "हा नट लई नाजूक. ताकद लावायची नाय. अर्धा आटा फिरवून थांबायचं आन आवाज ऐकायचा." दुसऱ्या ठिकाणी, "हितं पुस्तकात चूक हाय. तिकडच्या आबांनी सांगितल्यापरमाणं आधी डावी बाजू." अशा बावीस वह्या झाल्या. शेवटची गेल्या वर्षी मार्चमध्ये पुरी झाली. ती घेऊन ते माझ्याकडे आले, टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर न विचारता कधी बसले नव्हते. म्हणाले, "साहेब, एक इचारायचं होतं. मोठ्या मालकांना शब्द दिला तो दुसऱ्या माणसाचा. वही माणसात धरता येईल का?"

मी विचार केला. खरोखर प्रामाणिकपणे केला. आणि म्हणालो, "शब्द माणसाचा होता, रंगनाथराव. वही बोलत नाही, खड्ड्यात उतरत नाही. शिवाय वहीवर प्रेस चालल्याची आपल्याकडे नोंद नाही." ते म्हणाले, "बराबर हाय." वही उचलली आणि कपाटात बाकीच्यांच्या शेजारी ठेवली. नोंद नव्हती, कारण कुणी चालवून पाहिलंच नव्हतं. चालवून पाहायला सांगणं हे माझं काम होतं. ते आठवडाभर रजेवर गेले असते, दुसऱ्या फिटरला वह्या दिल्या असत्या, की नोंद झाली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही. आयुष्यभर मी आकडे तपासले. हा एक आकडा एकदा बरोबर होता म्हणून नऊ वर्षं नुसता उतरवत गेलो.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी, बुधवारीच, प्रेस बंद पडला. साहेब लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सहा आठवडे. पैठणकडचा एक फिटर आहे, शांत माणूस. तो कपाट उघडून वह्या घेऊन खाली बसला. गुरुवारी त्याने सातवी वही बाजूला काढली, शुक्रवारी आणि शनिवारी तो आणि आणखी दोघं खड्ड्यात होते. एक जण वही वाचायचा, दोघं करायचे. रविवारी सुट्टी न घेता सकाळी साडेदहाला प्रेस चालू झाला. मी नोंद केली. बंद कालावधी, चार दिवस.

चार दिवस. नोंदवही मिटून मी घरी गेलो आणि बायकोला काही सांगितलं नाही. आठवडाभराने अश्विनीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कौसल्याकाकूंना सांगितलंत?"

म्हणून त्यानंतरच्या शनिवारी रजा टाकून सोयगावला गेलो. वहिनी अंगणवाडीत होत्या. एका खोलीत एकोणीस पोरं, भिंतीला टेकून बसलेली, समोर ताटल्या, खिचडीचं पातेलं दारात. मला बघून त्यांनी सतरंजीचं टोक झटकलं. मी बसलो आणि जे सांगायला आलो होतो ते सांगून टाकलं. अभिप्राय, वह्या, त्यांनी विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर आणि चार दिवस. वहिनी वरण ढवळावं तशी खिचडी ढवळत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी गेल्या वर्षीच मोकळे झाले असते."

"हो."

"मंग तुम्ही लिहिलं का नाय तसं?"

"मी पुन्हा मोजलं नाही, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "तुमच्यावर लई भरवसा व्हता त्यांचा," एवढंच म्हणाल्या आणि पोरांकडे वळून हाक दिली, "चला, मोजा गं!" लाल फ्रॉकातली एक चार वर्षांची मुलगी उठली. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजायला लागली. आइन्स, त्स्वाय, द्राय, फीर... सगळी पोरं तिच्याबरोबर एका सुरात म्हणत होती. तो 'त्स्वाय' मी शहागंजच्या खोलीत शेकडो वेळा ऐकलेला, अगदी तसाच, जिभेला तोच हिसका. त्सेन झालं, म्हणजे दहा, आणि अकराव्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून ती पुन्हा आइन्सपासून सुरू झाली. दुसऱ्यांदा ती नॉइनला, म्हणजे नवाला, थांबली आणि ओरडली, "बाई, झाले!"

मी विचारलं, "दहाच्या पुढचे येत नाहीत का यांना?"

वहिनी ताटलीत खिचडी वाढत म्हणाल्या, "रविवारी अंगणवाडी बंद असती. तरी हे गोळा करायचे पोरं, आन दहापर्यंत शिकवले. पुढचे कायमचा आल्यावर शिकवतो म्हणले."

त्या दिवशी तीन चाळीसच्या गाडीने मी परत आलो. घरी पोचल्यावर अश्विनीला फोन लावला आणि अकरापासून वीसपर्यंतचे आकडे विचारून देवनागरीत कागदावर उतरवून घेतले. तिने प्रत्येक आकडा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. एल्फ हा अकरा. तो मला नीट येतो. बाकीच्यांत अजून चुका होतात. कागद शर्टाच्या खिशात आहे. दोन शनिवार झाले, शिफ्ट साडेतीनला सुटते, मी क्रांती चौकात उतरतो, स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा उभ्या असतात... आणि मी घराकडे चालू लागतो.